फायनान्शियल मॅथ्सच्या मास्टर्ससाठी फ्लॅट गहाण टाकावा का?

सिग्मा_कर्वेनगर
नमस्कार मंडळी. इथे तीन वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. चूकभूल सांभाळून घ्या.

मी पुण्यातच बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मार्क बरे आहेत, गणित आवडतं, पायथॉन जेमतेम येतं. डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला, विद्यापीठातच एमएस्सी स्टॅट. दुसरा, गोखले इन्स्टिट्यूटमधलं फायनान्शियल इकॉनॉमिक्स. तिसरा, इंग्लंड किंवा अमेरिकेत फायनान्शियल मॅथ्स. एका कन्सल्टंटकडे जाऊन आले. त्याने चहा पाजला आणि सगळं धरून ५० लाखांचा आकडा कागदावर लिहून दिला. बाबा म्हणाले, फ्लॅट तारण ठेवू. बाबांची निवृत्ती चार वर्षांवर आहे. आई म्हणते "तूच ठरव", म्हणजे नको. आजीचं मत, बँकेची परीक्षा दे.

शिवाय कोर्सच्या नावांनीच डोकं उठलंय. फायनान्स, फायनान्शियल इंजिनिअरिंग, क्वांट फायनान्स, फायनान्शियल मॅथ्स, फायनान्शियल इकॉनॉमिक्स. हे वेगवेगळे पदार्थ आहेत की एकाच पिठाची थालीपीठं?

चहाबाज
वाचतोय. आजींना +१.

पेठेतला_अण्णा
फ्लॅट किती बीएचके?

स्टॅटवाली_बाई
सिग्मा, प्रश्न चांगला मांडलायस. बावीस वर्षं शिकवतेय, दर फेब्रुवारीत कुणीतरी स्टाफरूमच्या दाराशी हाच प्रश्न घेऊन उभं असतं.

नावावर जाऊ नकोस, नावं प्रवेश विभागाला सुचतात. पहिल्या सत्राचे विषय काढ. तिथे कंपनीचे ताळेबंद, व्हॅल्युएशन, कॉर्पोरेट फायनान्स असेल तर तो एमबीएचा चुलतभाऊ. मॅक्रो, मायक्रो, इकॉनॉमेट्रिक्स, टाइम सीरीज असेल तर तो अर्थशास्त्राचा कोर्स, गोखलेचा त्यात मोडतो. आणि मेजर थिअरी (मापाचं अमूर्त गणित), स्टोकॅस्टिक प्रोसेस, ब्राउनियन मोशन, इतोचं कॅल्क्युलस, पीडीई असेल तर ते खरं फायनान्शियल मॅथ्स. इंजिनिअरिंग म्हणतात त्यात हेच, वर सी प्लस प्लस आणि मोंटे कार्लोची फोडणी.

आता आपल्या घरचं. विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग १९५३ चा, हुजूरबाजार सरांनी उभा केलेला. तिथून एमएस्सी करून बँकांच्या रिस्कमध्ये गेलेले माझे निदान तीस विद्यार्थी मोजून सांगेन. डिग्रीवर 'फायनान्स' शब्द नव्हता म्हणून त्यांचं काही अडलेलं मी पाहिलं नाही. प्रोबॅबिलिटी पक्की असली की ऑप्शन प्रायसिंग (ठरलेल्या भावाने पुढे घ्यायच्या-विकायच्या हक्काची किंमत काढणं) एका सुट्टीत येतं. उलटा प्रवास करणारे मात्र रडताना पाहिलेत.

आयएसआयच्या (भारतीय सांख्यिकी संस्थेच्या) एमस्टॅटची प्रवेश परीक्षा का देत नाहीस? फी जवळजवळ नाही, वर विद्यावेतन मिळतं. पेपर कठीण असतो, पण त्याची तयारी वाया जात नाही.

शंकासूर
बाईंशी आदरपूर्वक असहमत. दोन वर्षं मेजर थिअरी घोटून शेवटी एक्सेलच भरायचंय. त्यापेक्षा नोकरी धरा आणि सीएफए (गुंतवणूक विश्लेषणाचं प्रमाणपत्र) करा. तीन लेव्हल, खर्च परदेशी कोर्सच्या पासंगालाही पुरणार नाही.

अधिक_उणे
शंकासूर, सीएफए उत्तम आहे, पण तो इक्विटी रिसर्च आणि पोर्टफोलिओवाल्यांचा रस्ता. तिला गणित आवडतं म्हणतेय ती. रिस्कच करायचं तर एफआरएम हे जोखमीचं प्रमाणपत्र जवळचं, दोनच भाग. आणि स्टॅटवाल्यांना विम्याच्या गणिताचा, म्हणजे अ‍ॅक्चुअरीचा रस्ताही आहे. मी त्या रस्त्यावर सहा वर्षं चालतोय, मुक्काम अजून दिसत नाही. ज्यांचा दिसतो ते परीक्षांच्या काळात लग्नकार्यांना जात नाहीत.

खराडी_परत
मी हेच काम करतो, त्यामुळे प्रत्यक्षात काय असतं ते लिहितो.

पुण्यात खराडी, मगरपट्टा, येरवडा या पट्ट्यात परदेशी बँकांची मोठाली ऑफिसं आहेत. तिथे 'क्वांट' (गणिती विश्लेषक) म्हणून जे भरतात त्यातलं बहुतेक काम मॉडेल व्हॅलिडेशन आणि मार्केट रिस्कचं. ट्रेडिंग लंडन-न्यूयॉर्कला, आपण तपासनीस. माझी सकाळ अशी जाते: मॉडेलने काल जास्तीत जास्त किती तोटा सांगितला होता आणि प्रत्यक्षात किती झाला, हे दोन आकडे शेजारी ठेवायचे. ९९ टक्क्यांचा व्हॅल्यू अ‍ॅट रिस्क म्हणजे १०० पैकी ९९ दिवस तोटा ज्याच्या आत राहतो ती रेषा, तेव्हा २५० दिवसांत दोन-तीनदा तोटा रेषेपलीकडे जाणारच. बासलच्या, म्हणजे बँकांच्या जागतिक, नियमात अशा ४ चुकांपर्यंत हिरवा, ५ ते ९ पिवळा, १० झाल्या की लाल. पाचवी चूक झाली की माझी सुट्टी रद्द, कारण ती का झाली याचं टिपण मला लिहावं लागतं. पिवळ्यात गेलं की बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं, म्हणून त्या टिपणावर चार देशांतली माणसं तुटून पडतात.

म्हणजे शंकासूर निम्मे बरोबर आहेत. रोज इतो लागत नाही. पण मॉडेल बनवणारा लंडनचा गडी फोनवर "हे गृहीतक चालतं" म्हणाला की ते का चालत नाही हे सांगायला लागतो. तेव्हा एक्सेल कामाला येत नाही.

चहाबाज
हिरवा-पिवळा-लाल. चंदननगरच्या सिग्नलला पिवळा कुणी पाहिलाय का?

खराडी_परत
@चहाबाज, म्हणूनच आयडीत 'परत' आहे. रोज परत यायला दीड तास लागतो.

ऑप्शनवाला_पप्पू
मला एवढंच सांगा, यातल्या कुठल्या कोर्सनंतर मार्केटमधून पैसे निघतात? बँकनिफ्टीत माझी एक सिस्टीम आहे.

अधिक_उणे
पप्पूशेठ, सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास काढला होता. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये (वायदे आणि ऑप्शनमध्ये) उतरलेल्या दर १०० व्यक्तींपैकी ९३ तोट्यात. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. तुमची सिस्टीम उरलेल्या सातांत असेल तर कोर्सची गरज नाही. नसेल तर कोर्सने भागणार नाही. (हलकं घ्या.)

ऑप्शनवाला_पप्पू
सिस्टीम चांगली आहे, फक्त मार्केट तसं वागत नाही.

स्टॅटवाली_बाई
पप्पू, हे वाक्य मी व्हायवात अनेकदा ऐकलंय.

इसारकाठी
म्युनिकहून लिहितोय. जर्मनीचं नाव अजून कुणीच काढलं नाही?

इथे बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, सत्राचं किरकोळ शुल्क तेवढं. अपवाद आहेत: बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात युरोपबाहेरच्यांना सत्राला १५०० युरो, आणि आमच्या टीयू म्युनिकने २०२४ च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सत्रामागे ४ ते ६ हजार युरो सुरू केले. म्हणजे जुने ब्लॉग वाचून निघालात तर फसाल. कायझर्सलाउटर्न बघ. गाव लहान, पण फायनान्शियल मॅथ्समध्ये वजनदार, फ्राउनहोफरची औद्योगिक गणिताची संस्था तिथेच आहे.

राहण्याखाण्याचे वर्षाचे ११,९०४ युरो आधी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये दाखवावे लागतात. ते पैसे तुझेच, महिन्याला ९९२ असे परत मिळतात. भारतीयांना एपीएस प्रमाणपत्र (शिक्षणाची कागदपत्रं खरी असल्याचं) लागतं, त्याला वेळ जातो, आजच कामाला लाग. आणि तुझ्या तीन वर्षांच्या बीएस्सीत शुद्ध गणिताचे क्रेडिट किती, हे ते चष्मा लावून मोजतात. माझं अ‍ॅनॅलिसिस कमी पडलं म्हणून एका ठिकाणी नकार आला होता.

भाषा: कोर्स इंग्रजीत असतो, नोकरीची मुलाखत इंग्रजीत असेलच असं नाही. माझं जर्मन बी-टू पातळीचं होईपर्यंत इंटर्नशिप मिळाली नाही. पुण्यात जर्मन शिकायची सोय चांगली आहे, आत्ताच सुरू कर.

हडसनपार
अमेरिकेचं माझ्याकडून. कार्नेगी मेलनचा कोर्स १९९४ पासून चालू आहे, १६ महिन्यांचा, नाव मोठं आणि फीही. न्यूयॉर्कचं बरूक कॉलेज सरकारी, वर्ग लहान, फी त्या मानाने पुष्कळ कमी, पण आत शिरणं महाकठीण. फायनान्शियल मॅथ्स स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत) बसतं म्हणून शिक्षणानंतर १२ अधिक २४ असे ३६ महिने काम करता येतं. नुसत्या फायनान्स डिग्रीला ते मिळेलच असं नाही, कोर्सचा कोड विचारून घे. त्यानंतर एचवनबी या कामाच्या व्हिसाची लॉटरी. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर १ लाख डॉलरची घोषणा झाली तेव्हा आमच्या टीममधल्या मुलांनी आठवडाभर नीट जेवण केलं नाही. पुढे इथेच शिकून स्टेटस बदलणाऱ्यांना त्यातून वगळल्याचा खुलासा आला. पण नियम असे एका रात्रीत हलतात हे धरूनच कर्ज काढा.

परतलेला_पक्षी
मी गेलो होतो. इंग्लंड, एक वर्षाचा कोर्स, विद्यापीठाचं नाव घेत नाही.

सप्टेंबरात पोचलो. बँकांच्या ग्रॅज्युएट जागांचे अर्ज तोवर निम्मे बंद झालेले. म्हणजे ज्या कोर्सच्या जोरावर नोकरी मिळवायची, त्याचं पहिलं लेक्चर व्हायच्या आत अर्ज करायचा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. करिअर सेंटरच्या बाई प्रेमळ होत्या, माझा सीव्ही तीनदा सुवाच्य करून दिला. वर्गात साठजण, त्यातले बरेच परदेशी, सगळे त्याच वीस जागांवर. ब्रोशरमध्ये ज्या बँकांचे लोगो होते त्यांतल्या एकीचंही माणूस कॅम्पसवर आलेलं मी पाहिलं नाही.

दीड वर्ष काढलं आणि परत आलो. आज खराडीत आहे, खराडी_परत यांच्याच पट्ट्यात. माझ्या शेजारच्या खुर्चीवर विद्यापीठातून एमएस्सी स्टॅट केलेली मुलगी बसते. पगार जवळपास सारखा, कर्ज एकट्याला. आता तर शिक्षणानंतर तिथे राहून काम करायचा ग्रॅज्युएट व्हिसा २०२७ च्या १ जानेवारीपासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिनेच मिळणार आहे.

जाऊ नकोस असं नाही म्हणत. माझ्या वर्गातले पाच-सहाजण तिथे छान लागले. पण ते इथून निघण्याआधीच जुलैपासून अर्ज भरत होते.

निवृत्त_शाखाधिकारी
चौतीस वर्षं कर्जं दिली. माझ्यापुरतं लिहितो.

५० लाख, १०.५ टक्के, १० वर्षं. हप्ता साधारण ६७,५०० रुपये. हे मात्र हप्ता पहिल्या दिवसापासून भरला तर. शिक्षण एक वर्ष आणि वर एक वर्ष सवलतीचं, म्हणजे दोन वर्षांचं व्याज दहा लाखांच्या आसपास, टप्प्याटप्प्याने उचल केलीत तर थोडं कमी. ते भरलं नाहीत तर मुद्दलात मिसळतं. मग ६० लाखांवर हप्ता ८१ हजार. तेव्हा शिकत असतानाच व्याज भरता आलं तर भरावं.

परदेशातल्या पगारावर हा हप्ता किरकोळ आहे. पण कर्ज घेताना मी प्रत्येक पालकाला एकच विचारत असे, मुलगी परत आली आणि पुण्यात नोकरी लागली तर हप्ता कोण भरेल? सिग्मा, तुझे बाबा तेव्हा निवृत्त असतील, आणि सहकर्जदार म्हणून सही त्यांची असेल.

आयकरात शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची वजावट मिळते, आठ वर्षांपर्यंत, पण फक्त जुन्या करप्रणालीत. कन्सल्टंट हे सांगत नाहीत.

चहाबाज
साहेब, तुमच्या शाखेत कर्ज मागायला गेलेला माणूस ठेव ठेवूनच परत येत असणार.

पेठेतला_अण्णा
बीएचकेचं कुणी सांगेना.

एनआयबीएम_रोडवाली
पुण्याचीच चर्चा चाललीय तर आमच्या रस्त्याचं नाव राहिलं. इथले निम्मे लोक एनआयबीएम म्हणजे बिल्डरचं नाव समजतात. ती रिझर्व्ह बँकेने १९६९ साली काढलेली बँक व्यवस्थापनाची संस्था आहे हो, कोंढव्यात. बँकिंग आणि फायनान्सचा दोन वर्षांचा पीजीडीएम आहे. गणितवाला नाही, बँकवाला. आजींनाही पटेल.

फासेपारधी
कोर्स निवडण्याआधी हे करून बघ, सिग्मा. मुलाखतीतला जुनाच प्रश्न आहे.

एक फासा टाक. जेवढा आकडा पडेल तेवढे रुपये मिळतील. पटला नाही तर एकदा, फक्त एकदाच, परत टाकता येईल, पण मग दुसरा पडेल तो घ्यावा लागेल. या खेळात बसायला जास्तीत जास्त किती रुपये द्यावेत? गुगल न करता.

चहाबाज
साडेतीन. सरासरी.

ऑप्शनवाला_पप्पू
सहा. मी सहा येईपर्यंत थांबतो.

शंकासूर
पप्पू, हाच तो तुमचा ९३ टक्क्यांचा हिशेब.

सिग्मा_कर्वेनगर
सव्वाचार!

दुसऱ्या फेकीची किंमत साडेतीन. म्हणून पहिल्यांदा ४, ५, ६ आलं तर थांबायचं, १, २, ३ आलं तर परत टाकायचं. निम्म्या वेळा सरासरी ५, निम्म्या वेळा साडेतीन. ४.२५. आणि दोनदा परत टाकायची मुभा असेल तर पहिल्या फेकीला ४ वरही थांबायचं नाही, फक्त ५ आणि ६ वर. तेव्हा ४.६७ येतं. बसमध्ये तिकिटाच्या मागे केलं, डेक्कनऐवजी गरवारेला उतरले.

फासेपारधी
दुसरा भाग मी विचारलाच नव्हता. शेवटाकडून मागे येत प्रत्येक पायरीला "आत्ता घेऊ की थांबू" विचारायचं, अमेरिकन ऑप्शनची (मुदतीआधी कधीही वापरता येणाऱ्या) किंमत अशीच काढतात. तू गणिताकडेच जा. आता कुठे, ते बाकीचे भांडून ठरवतील.

खराडी_परत
आता थोडं अवांतर, पण बाईंच्या मुद्द्याला धरून.

२० एप्रिल २०२०. लॉकडाऊन, मी घरी, जेवणाच्या टेबलावर दोन स्क्रीन, बायकोची झोप मोडू नये म्हणून दिवा बंद. आपल्या वेळेने रात्री बाराच्या सुमाराला अमेरिकन कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा शून्याखाली गेला आणि उणे ३७.६३ डॉलरला बंद झाला. माझ्या स्क्रीनवर आकड्यांच्या जागी लाल एररची रांग. कारण साधं आहे: ऑप्शनची किंमत काढणारं ब्लॅक-शोल्स पठडीतलं मॉडेल तेलाच्या किंमतीचा लॉग घेतं, आणि उणे आकड्याला लॉग नसतो. आमच्या चमूत अकराजण, पैकी सात फायनान्सचे एमबीए. सगळे "फीड खराब आहे" म्हणून डेटावाल्यांना शिव्या देत होते. फीड चोख होतं. आपल्याकडे एमसीएक्स या वायदेबाजारातही तो सौदा पिंपाला उणे २,८८४ रुपयांना मिटवला गेला.

शिकागोच्या एक्स्चेंजने दोनच दिवसांत तेलाच्या ऑप्शनसाठी बाशेलिएचं मॉडेल लावलं. बाशेलिए म्हणजे १९०० साली पॅरिसमध्ये प्रबंध लिहिणारा माणूस, त्याच्या गणितात किंमत उणे होऊ शकत होती आणि तो दोष म्हणून पुस्तकात शिकवला जायचा. चमूत हे माहीत असलेली एकच होती, एमएस्सी स्टॅटवाली. तिने पहाटे चारपर्यंत तात्पुरता कोड लिहून दिला. पुढच्या वर्षी ती माझी बॉस झाली.

शंकासूर
बरं बुवा, मेजर थिअरी मागे घेतो. सीएफए नाही.

परतलेला_पक्षी
ती 'शेजारच्या खुर्चीवरची' आणि ही बॉस एकच तर नाही ना?

खराडी_परत
ऑफिस कुठलं ते विचारू नका.

सिग्मा_कर्वेनगर
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील वाटलं नव्हतं. आठवडाभरात काय केलं ते सांगते.

बाईंनी सांगितल्याप्रमाणे सहा कोर्सची पहिली सत्रं छापून पेन्सिल घेऊन बसले. कन्सल्टंटने सगळ्यात वर लिहिलेल्या कोर्सच्या पहिल्या सत्रातलं जवळजवळ सगळं मी दुसऱ्या वर्षाला केलंय. तो कोर्स गणिताकडून न आलेल्यांसाठी आहे. त्याच्यावर काट मारली. त्याला फोन करून विचारलं, तर म्हणाला, "मॅडम, मग पहिलं सत्र तुम्हाला सोपं जाईल ना!" वीस लाखांचं सोपं सत्र.

इथला एमएस्सी स्टॅट आणि आयएसआय, दोन्हींची तयारी सुरू केलीय. आयएसआयचे जुने पेपर बघून दोन दिवस जेवण गेलं नाही. जर्मनचा वर्ग सोमवारपासून, एपीएसचे कागद गोळा करतेय, कायझर्सलाउटर्न पुढच्या वर्षासाठी जिवंत ठेवते. क्रेडिट मोजले, अ‍ॅनॅलिसिस माझंही कमी पडतंय, तो विषय बाहेरून करता येतो का बघते.

शाखाधिकारी काकांचा हिशेब बाबांना दाखवला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग कॅल्क्युलेटर घेऊन स्वतः परत केला. सत्तर रुपयांचा फरक आला म्हणून खूश होते. फ्लॅटचा विषय सध्या बंद आहे. पूर्ण बंद नाही, बाबांनी कागदपत्रांची फाईल कपाटातून काढून ठेवलीय.

आणि अण्णा, दीड बीएचके. बाल्कनी बंद करून अर्धा केलाय.

निवृत्त_शाखाधिकारी
ती बाल्कनी मंजूर नकाशात बाल्कनीच आहे ना? मग फाईल परत कपाटात ठेवायला सांग. मूल्यांकनाला आलेला माणूस पहिला तिथेच उभा राहतो.